बंडखोरीचा कागद

मोंतेविदेओ
४ ऑगस्ट २०११

प्रिय वाल्दो,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी फोनकडे धावला असशील, म्हणून आधीच सांगून टाकतो, घरातलं कोणी गेलेलं नाही. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे, सकाळी सहापासून चालू असतं. माझ्या गोळ्या चारच्या पाच झाल्या. थंडी यंदा हाडात शिरतेय. मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. एकतीस वर्षं सान लाउरो फुटबॉल क्लबच्या सभांची इतिवृत्तं लिहिली, त्यामुळे पेन धरलं की हात आपोआप ‘उपस्थित सभासद अकरा, गैरहजर चार’ असं लिहायला लागतो. याआधी दोनदा लिहून बघितलं आणि दोन्ही वेळा शेगडीत घातलं. बाप मुलाला लिहितोय असं वाटतच नव्हतं, सभेची नोटीस वाटत होती. ही तिसरी खेप. आता जसं येईल तसं लिहिणार आणि परत वाचणार नाही.

दर रविवारी तू आणि आई त्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोलता, तेव्हा मी पाव आणायला जातो. तू तिला विचारतोस, म्हातारा अजून यंत्राला घाबरतो का. ज्याने चाळीस वर्षं लोकांची शिवणयंत्रं उघडून पुन्हा बसवली, तो यंत्राला काय घाबरेल? मला तुझ्या तोंडाकडे बघवत नाही, एवढंच आहे. त्यातून तुझ्या मुली पडद्यासमोर येऊन ग्रीकमध्ये काहीतरी बोलतात आणि आई सगळं कळल्यासारखी हसते. मी पाव घेऊन येतो तोवर तुम्ही निरोप घेतलेला असतो. असं सहा वर्षं चाललंय आणि आम्हाला दोघांनाही त्याची सवय झाली आहे.

तर तुझी ती मुलाखत. निवृत्तीची, जुलैमध्ये आली ती. न्हाव्याने कापून आरशाला चिकटवली आहे, म्हणजे माझी दाढी होते तेव्हा तू समोरून बघत असतोस. फोटो चांगला आहे. पोट दिसू नये म्हणून हात पुढे घेतलेत ते कळतं. ‘सतरा वर्षं, नऊ क्लब, चार देश’ असा मथळा आहे. त्याखाली तू जे बोललास ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. तू म्हणालास, सतरा कसली, पंधराच, दोन वर्षं एलादियो लोसादाने चोरली. मेक्सिकोला जायचं ठरल्यातच जमा होतं, राष्ट्रीय संघाच्या राखीव यादीत नाव होतं, आणि क्लबच्या अध्यक्षाने मला बंडखोर ठरवून घरी बसवलं. पुढे म्हणालास, कागदावर सही माझ्या म्हाताऱ्याची होती, कारण तो सेक्रेटरी. पण पेन त्याच्या हातात लोसादाने दिलं होतं, आणि मी म्हाताऱ्याला कधीच दोष दिला नाही. हे वाचून शेजारच्या बायका आईला म्हणाल्या, निबिया, काय ग मोठ्या मनाचा मुलगा तुझा. ती रडली. मी मागच्या खोलीत जाऊन एक यंत्र उघडून बसलो. त्या यंत्रात काही बिघाड नव्हता.

तू तिकडे बसून बोललास. इथे काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही, आई तर सांगणारच नाही. पहिल्याच आठवड्यात लोसादाच्या बेकरीच्या शटरवर कोणीतरी काळ्या रंगाने ‘दोन वर्षं परत दे’ असं लिहिलं. त्याच्या बायकोने, एल्साने, रॉकेल आणि चिंध्या घेऊन घासून काढलं. पुन्हा लिहिलं. मग बायका कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानातला पाव आणायला लागल्या, तो चावता चावत नाही हे माहीत असून. लोसादा एक्क्याऐंशीचा आहे, वाल्दो. सकाळी दुकानाबाहेर खुर्ची टाकायचा, काखेत थर्मास, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला घोटभर पाजल्याशिवाय सोडायचा नाही. मागच्या मंगळवारी त्याने पेला पुढे केला आणि समोरच्याने तो घेतला नाही. नुसता हात हलवून पुढे गेला. आपल्याकडे कोर्टात भांडणारी माणसंसुद्धा एकमेकांचा पेला नाकारत नाहीत. मी हे समोरच्या फुटपाथवरून बघितलं आणि काहीही न करता घरी आलो. आता ती खुर्ची बाहेर येत नाही.

या सगळ्याच्या वर टायरवाल्या ओमारने ठराव आणलाय. तुझा ओमार, ज्युनियरमध्ये तुझ्या उजवीकडे खेळायचा आणि उत्साहाच्या भरात पुढे पळून तुला दोन फॉरवर्डांसमोर एकटं सोडायचा तो. लोसादाचं आजीव सभासदत्व काढून घ्यावं आणि हॉलवरचं त्याचं नाव उतरवावं, असा ठराव आहे. बावीस सह्या आहेत. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, म्हाताऱ्या, उशिरा का होईना, तुझ्या पोराला न्याय मिळणार. वार्षिक सभा २७ तारखेला, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता. ठराव मोठ्याने वाचून दाखवायचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं. एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू त्याच्याच समोर, त्याच्याच नावाच्या हॉलमध्ये काढायची, आणि ती मी काढायची. तो येणार आहे म्हणतात. एल्सा नको म्हणते, पण तो ऐकत नाही.

तुला लोसादा म्हटलं की तो एक कागदच आठवतो. मला दुसरंच आठवतं. पंधरा वर्षांचा असताना सेर्रितोच्या मैदानावर तुझी भुवई फुटली होती. रुग्णवाहिका नव्हती. लोसादाने तुला पावाच्या गाडीत घातलं आणि हॉर्नवरचा हात न काढता दवाखान्यात नेलं. तुझं रक्त पिठाच्या पोत्यांवर सांडलं होतं, आणि तू शुद्धीत राहावंस म्हणून हा माणूस वाटेत तुला विचारत होता की कॉर्नरला तू पहिल्या खांबापाशी का उभा राहिलास. बाहेरगावी सामना असला की बसमध्ये भट्टीतल्या गरम गोड बिस्कोचोची टोपली तोच ठेवायचा आणि वर दम द्यायचा, हरलात तर उरलेली परत आणा. एकदा खरोखरच मागितली होती. तेव्हा तू हसून हसून लोळला होतास.

आणि तू. तू चांगला बॅक होतास. हे मी तुला तोंडावर एकदाही सांगितलेलं नाही. बाकीचे बॅक फॉरवर्ड आला की त्याच्या पायात घुसायचे. तू दोन पावलं मागे सरायचास, त्याला वाट दिल्यासारखं करायचास, हळूहळू रेषेकडे न्यायचास, आणि मग त्याच्या लक्षात यायचं की आता जायला जागाच उरलेली नाही. एकदा एक फॉरवर्ड वैतागून तुला म्हणाला होता, अरे बाबा, एखादी लाथ तरी घाल, निदान फ्रीकिक मिळेल. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये तुझा पहिला सामना झाला तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास, पायांच्या नुसत्या काड्या. पलीकडच्या टोळक्यातून कोणीतरी ओरडलं की याच्या आईने याला डबा दिलेला दिसत नाही. निबियाने उभी राहून उलट सुनावलं, डबा दिलाय, तुमच्या सेंटर फॉरवर्डलाही पुरेल, सामना संपल्यावर पाठवा त्याला. तो बिचारा नव्वद मिनिटांत एकदाही गोलपर्यंत पोहोचला नाही. घरी येताना बसमध्ये सगळे तुझं कौतुक करत होते. मी काय म्हणालो आठवतं? त्रेसष्टाव्या मिनिटाला डावीकडे का सरकलास, असं म्हणालो. चार वर्षं मी तेच केलं. तू खेळायचास आणि मी चुका मोजायचो. मला वाटायचं, कौतुक करायला सगळी वस्ती आहे, बापाने तरी खरं सांगावं.

सत्त्याण्णवचं सगळं तुला माहीत आहे, निदान तुझ्या बाजूने. मेक्सिकोचा माणूस दोनदा येऊन तुला बघून गेला. तुझा करार डिसेंबरअखेर संपत होता. नोव्हेंबरमध्ये क्लबने नवा करार पुढे ठेवला आणि तू सगळ्यांसमोर नाही म्हणालास, वर हेही म्हणालास की या गवत नसलेल्या मैदानावर आणखी एक वर्ष खेळलो तर माझे गुडघे इथेच पुरा. तेव्हाचा नियम असा होता की खेळाडू नवा करार नाकारतो असा कागद क्लबने मुदतीत संघटनेच्या कचेरीत दिला, तर खेळाडू बंडखोर. मग तो दुसरीकडे कुठेही खेळू शकत नाही, क्लबशी जमवून घेईपर्यंत घरी बसायचं. कागद गेला नाही, तर एक जानेवारीला तो मोकळा. कागद गेला. मेक्सिकोवाल्यांनी पंधरा दिवस वाट बघितली आणि एक उंच पाराग्वेचा बॅक घेतला. राखीव यादीतलं तुझं नाव कधी गळलं ते कोणी कळवलंसुद्धा नाही.

तुझी बहीण मिर्ता तेव्हा ऑस्ट्रेलियात होती. नव्वद साली सहा महिन्यांसाठी म्हणून गेली आणि तिथेच राहिली. ती गेल्यावर पहिली दोन वर्षं मी तिच्या खोलीचं दार उघडलं नाही. मग एक दिवस उघडलं आणि यंत्रांचे सुटे भाग ठेवायला सुरुवात केली. तिचा मुलगा आता विशीतला आहे, मला ‘हॅलो आजोबा’ एवढंच म्हणता येतं त्याला. आपल्या गल्लीत बघ, कोणाच्या घरात पोरं आहेत? सगळ्यांची कुठे ना कुठे गेली, विमानतळावर रडारड झाली की चार महिन्यांनी फोटो येतात, बर्फातले. मी तुझ्या आईला तेव्हा म्हणायचो, जाऊ दे, पोरांनी जायलाच हवं, इथे काय ठेवलंय. सगळ्यांसमोर मी असंच बोलायचो.

ती दोन वर्षं तू कशी काढलीस ते मी रोज बघत होतो. सकाळी समुद्राच्या कडेने दहा किलोमीटर पळायचास, एकटाच. मग ओमारच्या बापाकडे टायर बदलायचास. दुपारी एक वाजता घरी यायचास, हाताला काळं लागलेलं असायचं, ते साबणाने निघायचं नाही. आपण तिघं जेवायला बसायचो. तू फारसं बोलायचा नाहीस, पण पाव तोडून माझ्या ताटाशी ठेवायचास, न मागता. रविवारी मी तुला क्लबच्या सामन्याला चल म्हणायचो आणि तू यायचास, स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसायचास आणि तुझ्या जागी खेळणाऱ्या त्या गरीब पोराच्या चुका मला हळू आवाजात सांगायचास. तुझं वजन वाढत होतं, उडी कमी होत होती, ते मला दिसत होतं. तू रात्री झोपत नाहीस असं आई सांगायची. आता एक गोष्ट लिहितो, ती वाचून तू पत्र फाडलंस तरी मी समजून घेईन. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. तू खंगत होतास आणि मला बरं वाटत होतं. मला तेव्हाही त्याची लाज वाटायची, पण दुपारी एक वाजता फाटक वाजलं की मी हातातलं काम टाकून उठायचो.

दोन हजारच्या जानेवारीत तू सुटलास आणि इक्वेडोरला गेलास. तिथे त्या उंचीवर पहिल्या महिन्यात नाकातून रक्त यायचं, हे तू आईला लिहिलं होतंस, मला नाही. मग ग्वाटेमाला, मग ग्रीस, तिथे सहा क्लब झाले, एक बंद पडला, एक खाली घसरला, एका ठिकाणी तू कप्तान झालास आणि त्याच वर्षी गुडघा गेला. मी सगळं कापून ठेवलंय, जेवढं इथल्या पेपरात आलं तेवढं. चार-दोन ओळींच्या वर कधी आलं नाही. दीड आठवड्यापूर्वी आपण कप जिंकला तेव्हा अख्खी वस्ती रस्त्यावर होती, अजून बाल्कन्यांमधून झेंडे काढलेले नाहीत. मी घरात बसून बचावफळीकडे बघत होतो. चांगली पोरं आहेत. पण मी प्रत्येक कॉर्नरला तुझी जागा शोधत होतो, आणि मग मला टीव्ही बंद करावासा वाटला. आई म्हणाली, देश जिंकतोय आणि तू कुणाच्या मयताला बसलायस? ती आता रोज विचारते, खेळणं संपलं, आता येईल का तो परत. मी म्हणतो, त्याच्या बायकोचं घर तिकडे, मुलींची शाळा तिकडे, कशाला येईल. ये असं म्हणायचा मला हक्क राहिलेला नाही.

आता डिसेंबरमधली सभा. ११ डिसेंबर, गुरुवार, उपस्थित सात. याचं इतिवृत्त मी लिहिलंच नाही, कारण लिहू नकोस असं लोसादाने सांगितलं होतं. त्याने पिठाचे हात पँटला पुसले आणि म्हणाला, पोराने आपल्याला चार वर्षं दिली, आपल्याकडे त्याला ठेवण्यासारखं काय आहे? कागद पाठवू नका. मुदत निघून जाऊ दे, एक तारखेला तो आपोआप मोकळा होईल. गाजावाजा नको, नाहीतर उद्या सगळेच मागतील. पाचजण हो म्हणाले, एकजण नाही म्हणाला. मी बाप म्हणून मत दिलं नाही. बाहेर पडताना लोसादा माझ्या कानाशी म्हणाला, घरी सांगू नकोस, एक तारखेलाच कळू दे त्याला, नव्या वर्षाची भेट. मी घरी आलो. दिवाणखान्यात निबियाने नवी सूटकेस आणली होती आणि तू तिच्यावर बसून ती बंद होते का बघत होतास, दोघं हसत होतात. मीही हसलो. पुढच्या मंगळवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, क्लबचा शिक्का खिशात टाकला, आणि बसने कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, अध्यक्षांची सही? मी म्हणालो, सेक्रेटरीची चालते. चालते, तो म्हणाला. बाहेर येऊन मी कॉफी घेतली, आणि जेवायच्या वेळेला घरी होतो. आई म्हणाली, शर्ट कुणासाठी घातलास एवढा. फेब्रुवारीत सगळे सुट्टीवरून परतले तेव्हा लोसादाला कळलं. त्याने कागदाची प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली आणि का केलंस एवढंच विचारलं. त्याने कागद मागे घ्यायचा ठराव आणला, पण तोवर बाकीच्यांना चटक लागली होती, खेळाडू हातात आहे तर सोडायचा कशाला, असं म्हणून त्यांनी त्याला पाडलं. दोन वर्षं तो दर सभेला तोच ठराव आणत राहिला. नव्व्याण्णवच्या शेवटी जिंकला, म्हणून तू सुटलास. आणि सुट्टीनंतर बेकरी उघडली त्याच दिवशी तू रागाने आत घुसून, कोणी केलं हे, असं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलंस, तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, मी अध्यक्ष आहे, मीच ठरवलं. मी तिथेच उभा होतो, वाल्दो, हातात पावाची पिशवी घेऊन. मी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे चौदा वर्षं नाही.

काल मी बेकरीच्या मागच्या दाराने आत गेलो आणि लोसादाला सांगितलं की मी वाल्दोला सगळं लिहितोय. तो माझ्यावर चिडला. म्हणाला, तुझं डोकं फिरलंय का, मी एक्क्याऐंशीचा, मला चांगलं नाव अजून किती दिवस लागणार? तुला मुलगा लागेल. राहू दे, वाच तो ठराव, मी खाली मान घालून ऐकेन आणि घरी जाईन. तो हे खरंच करेल, आणि मी आजवर त्याला करू दिलं. म्हणून हे पत्र. २७ तारखेला मी ठराव वाचेन, कारण ते माझं काम आहे, आणि त्यानंतर तिथेच उभं राहून सांगेन की माझ्या हातात पेन कोणी दिलं नव्हतं. पोस्टातला म्हणाला अठरा दिवस लागतात, म्हणजे तुला आधी मिळेल. ओमारने फोनवर सांगायच्या आत तुला ते माझ्याकडून कळायला हवं. आईला आज दुपारी सांगितलं. तिने पाकीट माझ्याकडून मागून घेतलं; पोस्टात ती स्वतः टाकणार आहे, माझ्यावर तिचा भरवसा नाही. तू लोसादाला दोन ओळी लिही, मला लिहिलं नाहीस तरी चालेल. त्याने का म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर मी चौदा वर्षं कोणाला दिलेलं नाही, ते तुला देतो. मला तू घरी हवा होतास. दुसरं काही कारण नव्हतं.

तुझाच,
म्हातारा